सपाट छपराचा उतार : वास्तुविशारदांची उजळणी आणि इमारतमालकाचे हित

भिलाईचे नाव घेतले की पोलाद कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कारखान्याबरोबरच आखीव सेक्टरांचे एक नवे नगर वसले. १९५६ पर्यंत हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. त्यामुळे मराठी माणसाला हा प्रदेश कधी परका वाटला नाही. मुंबई-हावडा लोहमार्गाने अनेक मराठी कुटुंबे येथे नोकरीसाठी आली आणि येथलीच झाली.

या परिसरातील जुनी घरे खपरेलची, म्हणजे उतरत्या कौलांची. पाणी पडले की पागोळ्यांनी अंगणात उतरायचे, विषय संपला. कारखान्याच्या काळात काँक्रीटचा स्लॅब आला, आणि त्यानंतर जी. ई. रोडच्या दोन्ही अंगांना, सुपेला आणि पॉवर हाऊसच्या बाजारपेठांत, सिव्हिक सेंटरच्या आसपास ज्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिकवणी वर्गांच्या आणि कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या माथ्यावर बहुधा सपाट गच्चीच आली. अशा इमारतींसाठी बँका कर्ज देतात, त्यांच्यात बँकांच्या शाखाही भाड्याने असतात. पहिल्याच पावसाळ्यात छताला ओलीचा नकाशा उमटला, तर तो भाडेकरू, मालक आणि कर्जदाता या तिघांनाही पाहावा लागतो. म्हणून छपराचा विषय केवळ अभियंते आणि वास्तुविशारद यांच्यापुरता नाही.

सपाट म्हणजे किती सपाट?

'सपाट छप्पर' हा शब्दच थोडा फसवा आहे. चांगल्या बांधणीचे छप्पर पूर्ण सपाट कधीच नसते. डोळ्याला जाणवणार नाही, पण पाण्याला जाणवेल, इतका उतार त्याला असावा लागतो. अमेरिकेतील व्यावसायिक परिभाषेत बारास तीन, म्हणजे चारास एक इतक्या किंवा त्याहून कमी उताराच्या छपराला 'लो स्लोप' म्हणजे कमी उताराचे छप्पर म्हणतात, आणि तेथील इमारत संहिता नव्या बांधकामात साधारणपणे ४८ ला १ या उताराखाली जाऊ देत नाही. आपल्याकडे ६० ला १ पासून १०० ला १ पर्यंत उतार दिला जातो. प्रत्यक्षात मात्र कागदावर १०० ला १ लिहिलेला उतार कोबा घालताना दोनशेला एक होतो, कुठे कुठे उलटाही फिरतो आणि मग गच्चीच्या मधोमध पाणी साचते.

मराठवाडा, खानदेश आणि वऱ्हाडातील धाब्याची घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे नव्याने सांगायला नको. मातीच्या त्या गच्च्यांना पन्हळीकडे उतार असे आणि दर वर्षी पावसापूर्वी त्यांच्यावर पांढरी माती टाकून ती चोपली जाई. छप्पर ही एकदा बांधून विसरण्याची वस्तू नाही, हे त्या पिढीला ठाऊक होते. काँक्रीट आले आणि हा विसर पडला.

पाण्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. शंभर फूट लांब आणि शंभर फूट रुंद, म्हणजे दहा हजार चौरस फुटांची गच्ची आहे असे समजा. मेट्रिक मापात हे क्षेत्र ९२९ चौरस मीटर होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. दुर्ग-भिलाई परिसरात वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे या एका गच्चीवर वर्षभरात सुमारे दहा लाख लिटर पाणी येते. पण छपराच्या आरेखनात वर्षाच्या सरासरीला फारसा अर्थ नसतो, अर्थ असतो तो सर्वात जोराच्या एका तासाला. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने सर कोसळली, तर तासाभरात ४६ हजार लिटरांहून अधिक, म्हणजे मिनिटाला जवळपास पावणेआठशे लिटर पाणी खाली उतरवावे लागते.

ते उतरवायचे कशाने? प्रचलित भारतीय कोष्टकांनुसार १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाईप ५० मिलिमीटरच्या वेगाने पडणाऱ्या पावसात सुमारे ८५ चौरस मीटर छपराचे पाणी वाहून नेतो. आपल्या गच्चीला असे अकरा पाईप लागतील. पावसाचा वेग तासाला शंभर मिलिमीटर धरला तर बावीस. आता शहरातील एखाद्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन पाईप मोजून पाहावेत. चार कोपऱ्यांना चार, आणि त्यांपैकी एकाच्या तोंडाशी पिंपळाचे रोप, असे दृश्य दिसणे अगदीच दुर्मीळ नाही.

पाणी साचले तर बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते वजनामुळे. २५ मिलिमीटर खोल पाणी प्रत्येक चौरस मीटरवर २५ किलो भार टाकते. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात ज्या सपाट छपरावर माणसांची ये-जा आहे त्यासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, आणि जेथे केवळ देखभालीसाठी जावे लागते त्यासाठी ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७५ किलो, इतका भार धरावा असे सांगितले आहे. या दुसऱ्या प्रकारच्या छपरावर अवघे तीन इंच पाणी साचले की आरेखनात धरलेला भार तेथेच भरला. चारही बाजूंनी मीटरभर उंच कठडा आणि पाईपांची तोंडे पाला-पिशव्यांनी बंद, अशी स्थिती झाल्यास गच्ची म्हणजे पाण्याची उघडी टाकीच होते. मानकात साचणाऱ्या पाण्याच्या भाराचा स्वतंत्र विचार करावा असे स्पष्ट म्हटले आहे, पण ते कलम वाचले जातेच असे नाही.

पोलादी सांगाड्यावरील हलक्या आणि लांब पल्ल्याच्या छपरांत याहून मोठा धोका असतो. पाण्याच्या वजनाने तुळई थोडी वाकते, तेथे खळगा होतो, खळग्यात आणखी पाणी येते, त्या पाण्याने ती आणखी वाकते. हे चक्र एकदा सुरू झाले की पाऊस थांबेपर्यंत तुळई टिकली तर नशीब. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील केम्पर अरीना या क्रीडागृहाचे उदाहरण वास्तुविशारदांच्या वर्गांत आजही सांगितले जाते. १९७६ मध्ये याच इमारतीला अमेरिकेच्या वास्तुविशारद संस्थेचा सन्मान मिळाला होता. ४ जून १९७९ रोजी वादळी पावसात तिच्या छपराचा मोठा भाग खाली आला. साचलेले पाणी, वारा आणि वारंवार ताण सोसून थकलेले बोल्ट यांचा तो एकत्रित परिणाम होता. सभागृहात त्या वेळी कार्यक्रम नव्हता म्हणून अनर्थ टळला. बक्षीसपात्र इमारतीचेही छप्पर कोसळू शकते, ही गोष्ट त्या व्यवसायाला चांगलीच लागली.

उपाय तसा साधा आहे. मुख्य पाईपांखेरीज कठड्यात थोड्या उंचीवर, म्हणजे गच्चीच्या पातळीपासून सुमारे दोन इंचांवर, जादा पाण्यासाठी मोकळी भोके ठेवावीत. पाईप तुंबले तर पाणी तेथून बाहेर धो-धो पडते. ते खालच्या दुकानदाराच्या अंगावर पडते हे खरे, पण त्यामुळे गच्चीवर काही बिनसले आहे हे त्याच दिवशी सगळ्या बाजाराला कळते.

उतार कोठून आणायचा?

आपल्याकडे उतार देण्याची रूढ पद्धत म्हणजे सपाट स्लॅब ओतायचा आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा कमी-जास्त जाडीने घालायचा. पद्धत जुनी आहे आणि नीट केली तर टिकाऊही. मात्र तिचे वजन कोणी मोजत नाही. वरच्या उदाहरणातील गच्चीचे पाणी दोन्ही बाजूंना काढायचे ठरवले, तर मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर पंधरा मीटर होते. १०० ला १ उतारासाठी मध्यभागी कडेपेक्षा १५० मिलिमीटर अधिक जाडी लागते. कडेला ५० मिलिमीटर जाडी धरली तर सरासरी १२५ मिलिमीटर झाली, आणि सगळ्या गच्चीवर मिळून दोनशे टनांच्या घरात वजन चढले. तेच पाणी एका बाजूला न्यायचे म्हटले तर भार आणखी वाढतो. हे वजन खांबांतून पायापर्यंत जाते आणि त्याचे पैसे मालक मोजतो. याउलट स्लॅबच मुळात उतरता ओतला, किंवा पोलादी सांगाड्यात तुळयाच उतारावर बसवल्या, तर हा भार जवळजवळ नाहीसा होतो. खालच्या बाजूने छत तिरके दिसते, हा आक्षेप असेल तर तेथे खोटे छत लावता येते. व्यापारी इमारतींत ते एरवीही लावतातच.

निर्णय नकाशाच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचा असतो. स्लॅब पडल्यावर सुचलेला उतार महाग पडतो.

भिलाईची धूळ

प्रत्येक गावाचा पाऊस वेगळा, तशी प्रत्येक गावाची धूळही वेगळी. भिलाईत पोलाद कारखाना आहे, जवळच जामुलला सिमेंटचा कारखाना आहे. भारतीय मानक ८७५ मध्ये छपरावर साचणाऱ्या धुळीच्या भारावर एक छोटेसे कलम आहे आणि त्यात उदाहरणे कोणती दिली असावीत? पोलाद कारखाने आणि सिमेंट कारखाने. जणू काही ते कलम लिहिणाऱ्याच्या मनात भिलाईच असावी. धूळ कोरडी असते तोवर उपद्रव कमी. पहिल्या सरीने तिचा चिखल होतो, तो उताराने सरकत पन्हळीत आणि जाळीशी येऊन बसतो, वाळून घट्ट होतो. कागदावर पुरेसा असलेला पाईप अशा रीतीने निम्मा होऊन जातो. म्हणून या गावात जाळी घुमटाकार आणि काढता येण्याजोगी असावी, पन्हळ हात घालून साफ करता येईल इतकी रुंद असावी आणि पाईपांच्या संख्येत थोडी उदारता दाखवावी.

उष्णता आणि भेगा

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उघड्या काळपट गच्चीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. दुपार आणि पहाट यांच्यात पृष्ठभागाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर तीस मीटर लांबीचा काँक्रीटचा थर मोकळा असल्यास सुमारे १२ मिलिमीटरने लांब-आखूड होऊ शकतो. तो मोकळा नसतो, म्हणून तडकतो. भारतीय मानक ४५६ नुसार ४५ मीटरपेक्षा लांब बांधकामात साधारणपणे प्रसरणसांधा ठेवला जातो. गच्चीवरच्या कोब्याला मात्र त्याहून बऱ्याच जवळजवळ सांध्यांची गरज असते. मेच्या अखेरीस तापलेल्या गच्चीवर वळिवाची सर आली की एकदम आकसलेल्या थराला केसासारख्या भेगा पडतात. पुढचे चार महिने पाणी त्या वाटेने आत जाते.

यावर पांढरा, परावर्तक पृष्ठभाग हा स्वस्त उपाय आहे. चायना मोझॅकच्या पांढऱ्या तुकड्यांची गच्ची आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, ती केवळ शोभेसाठी नव्हती. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता निघाली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. १०० किलोवॉट किंवा अधिक जोडभार असलेल्या व्यापारी इमारती तिच्या कक्षेत येतात. वीस अंशांपेक्षा कमी उताराच्या छपराची सुरुवातीची सौर परावर्तकता किमान ०.६० असावी, असे २०१७ ची संहिता म्हणते. 'सुरुवातीची' हा शब्द भिलाईकरांनी अधोरेखित करावा. संहिता मोजते ते नवे छप्पर. धुळीने राखाडी झालेल्या गच्चीची परावर्तकता टिकवायची तर ती धुवावी लागते, आणि ते काम संहिता कोणावर सोपवत नाही. संमिश्र हवामानाच्या विभागातील कार्यालयीन इमारतींसाठी हीच संहिता छपरातून आत येणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा घालते. त्यासाठी ठरवलेले मूल्य चौरस मीटरला प्रत्येक अंशामागे ०.३३ वॉट आहे. नुसत्या दीडशे मिलिमीटरच्या स्लॅबचे तेच मूल्य तीनहून अधिक भरते. ही दरी रंगाने भरत नाही, त्यासाठी उष्णतारोधक थरच घालावा लागतो. तो जलरोधक थराच्या वर घातल्यास खालचा थर उन्हापासून आणि भेगांपासून वाचतो, हा दुहेरी लाभ आहे.

गळती कोठे होते?

बहुतेक गळती गच्चीच्या मधल्या भागात होत नाही. ती होते कडेला, कोपऱ्यात आणि भोकात. स्लॅब आणि कठडा जेथे भेटतात तेथे काटकोन ठेवला तर जलरोधक थर वळताना ताणला जातो आणि फाटतो. म्हणून गवंडी तेथे गोलसर वाटा काढतात. थर कठड्यावर किमान १५० मिलिमीटर चढवून त्याचे टोक खाचेत बंद करावे लागते. खाच न घेता तो भिंतीला नुसता चिकटवून सोडला की दोन उन्हाळ्यांत त्याचा पापुद्रा सुटतो आणि पाणी पाठीमागून शिरते. कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूस उतार नसेल तर पाणी विटांतूनच खाली येते. अशा वेळी मालक गच्चीवर पुन्हा पुन्हा पैसे घालत राहतो आणि दोष असतो कठड्यात.

दुसरे संकट नंतर येणाऱ्या पाहुण्यांचे. वातानुकूलन यंत्राची चौकट, जाहिरातीचा फलक, मोबाइलचा मनोरा आणि अलीकडे सौर पॅनेल. प्रत्येक जण चार बोल्ट ठोकतो आणि निघून जातो. सौर पॅनेलसाठी कर्ज घेणाऱ्या ग्राहकाने चौकट स्लॅबमध्ये छिद्र न पाडता वजनावर उभी राहणार आहे की छिद्र पाडून, हे आधी विचारावे. छिद्र पाडूनच बसवणार असल्यास जलरोधनाची हमी देणाऱ्या कंत्राटदाराची लेखी संमती घ्यावी. नाहीतर हमी तेथेच संपते.

पदवीनंतरचा अभ्यास

हे सगळे वास्तुविशारदाला ठाऊक नसते का? काही ठाऊक असते, काही विसरलेले असते आणि बरेचसे त्याच्या पदवीनंतर जन्माला आलेले असते. ज्यांनी १९८०च्या दशकात शिक्षण घेतले त्यांना चुन्याचा कोबा आणि डांबरी फेल्ट शिकवले गेले. आज बाजारात सुधारित डांबराच्या चादरी आहेत, पॉलियुरेथेनचे पातळ लेप आहेत, कृत्रिम रबराच्या आणि थर्मोप्लास्टिकच्या एकसंध चादरी आहेत, फेसाळ पॉलिस्टायरीनच्या पाट्या आहेत. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि चुकण्याची रीतही निराळी.

आपल्याकडे वास्तुविशारदाची नोंदणी १९७२च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार वास्तुकला परिषदेकडे होते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात छपराला बांधकामतंत्राच्या विषयात काही पाठ मिळतात, आणि मग थेट व्यवसाय सुरू होतो. अमेरिकेत वास्तुविशारद संस्थेच्या सदस्याला दर वर्षी १८ अध्ययन-एकके पूर्ण करावी लागतात आणि त्यांतील १२ आरोग्य, सुरक्षा आणि लोककल्याण यांच्याशी निगडित असावी लागतात. कमी उताराची छपरे हा तेथे नेहमीचा विषय आहे. ब्रिटनमधील शाही संस्थेची अपेक्षा वर्षाला किमान ३५ तासांची आहे. आपल्याकडेही सोयी आहेत. पुण्यात बालेवाडी येथे परिषदेचे प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र आहे, रुरकीला केंद्रीय इमारत संशोधन संस्था आहे, आणि भिलाईपासून तासाभराच्या अंतरावर रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुकला विभाग आहे. खुद्द भिलाईत २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे.

या शिक्षणात एक मेख आहे, ती ग्राहकालाही माहीत असलेली बरी. छपरावरचे पुष्कळसे मोफत वर्ग माल तयार करणाऱ्या कंपन्या घेतात. माहिती उपयुक्त असते, पण ज्याची चादर विकायची आहे तो कोब्याचे गुण सांगणार नाही. म्हणूनच अमेरिकेत मान्यताप्राप्त पाठात स्वतःच्या मालाची जाहिरात करण्यास मनाई आहे. आपल्याकडील वास्तुविशारदाने असे दोन-तीन वेगवेगळे वर्ग ऐकावेत आणि त्यांत भर म्हणून एक दिवस मुसळधार पावसात स्वतःच आरेखन केलेल्या गच्चीवर छत्री घेऊन उभे राहावे. या पाठाला शुल्क पडत नाही.

कर्जदाराने काय पाहावे?

इमारतीचे कर्ज कामाच्या टप्प्यांनुसार मिळते. पाया झाला, स्लॅब पडला की हप्ता. जलरोधनाचे काम येते अगदी शेवटी, हातातील पैसा आटलेला असताना, आणि मग काटकसर नेमकी तेथेच होते. अंदाजपत्रकात छपराचे काम 'इतर' या शीर्षकाखाली न ठेवता स्वतंत्र दाखवावे आणि त्याची रक्कम शेवटपर्यंत राखून ठेवावी. वास्तुविशारदाकडून गच्चीचा वेगळा नकाशा मागावा. त्यावर उताराचे बाण, पाईपांची संख्या आणि व्यास, जादा पाण्याची भोके आणि कठड्याचा छेद दिसला पाहिजे. असा नकाशा मिळत नसेल तर तो उतार गवंड्याच्या मर्जीवर सोडलेला आहे असे समजावे.

काम झाल्यावर पाईपांची तोंडे बंद करून गच्चीवर पाणी भरून ४८ तास ठेवावे आणि खालून छत पाहावे. किती खोल पाणी भरायचे ते आधी संरचना अभियंत्याला विचारावे, कारण वजनाचा वर सांगितलेला हिशेब येथेही लागू आहे. दुकान किंवा कार्यालय विकासकाकडून घेतले असेल तर स्थावर संपदा अधिनियम २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आलेला कामाच्या दर्जातील दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तक्रार लेखी करावी आणि छायाचित्रावर तारीख असावी. स्वतःच्या भूखंडावर स्वतः बांधणाऱ्याला हे संरक्षण नाही, त्याचा आधार कंत्राटदाराशी झालेला करार हाच. विम्याचे म्हणाल तर वादळ किंवा पूर यांनी झालेले नुकसान आणि हळूहळू मुरत गेलेली ओल यांत विमा कंपन्या फरक करतात आणि दुसऱ्या प्रकारची भरपाई बहुधा मिळत नाही.

छत्तीसगडच्या या भागात पाऊस जूनच्या मध्यास पोहोचतो. त्यापूर्वी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे शोधून ठेवावे आणि जाळ्या साफ करून घ्याव्यात.